नानी, तू का हसलीस?

गेल्या ईदला मी मिरजेला बहिणीकडे गेले होते. माझा भाचा अकरावीत आहे. त्याने मोबाइलवर दोन मिनिटांचा एक व्हिडिओ केला होता आणि तो मला दाखवायला त्याचा जीव उतावीळ झाला होता. व्हिडिओत तोच तीन माणसं झाला होता. एक, मशिदीला पंखा देणारे साहेब. दोन, कमिटीचे सदर. तीन, घामाघूम नमाजी. पंखा देणाऱ्या साहेबांनी पंख्याच्या तीन पात्यांवर रंगाने लिहून घेतलं होतं : पहिल्यावर स्वतःचं नाव, दुसऱ्यावर वडिलांचं, तिसऱ्यावर गावाचं. आता अडचण अशी की पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही. म्हणून साहेब जुम्म्याच्या दिवशी सांगतात, ‘पंखा बंद ठेवा.’ सदर मान डोलावतात. नमाजी टोपीने वारा घेतात.

बहीण खळखळून हसली. मीही हसले. आमच्या लहानपणापासून असे पंखे आम्ही मशिदीत, दर्ग्यात बघत आलोय. हसता हसता बहीण एकदम थांबली आणि म्हणाली, ‘डिलीट कर. किसीने उठाके उसपे कुछ लिखके डाल दिया तो?’ पोराने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, खाला आपली बाजू घेईल. मी म्हणाले, ‘अम्मी बोलती है तो कर डाल, बेटा.’ त्याने डिलीट केला. काही बोलला नाही. कानात ते बटणासारखे इयरफोन घातले आणि कोपऱ्यात जाऊन बसला. थोड्या वेळाने तो एकटाच हसताना दिसला. मी विचारलं, ‘काय रे, कशाला हसलास?’ तो म्हणाला, ‘तुमको नै समजनेका, खाला.’

हे वाक्य मी आयुष्यात खूपदा ऐकलंय, पण उलट्या दिशेने. लहानपणी ते मोठी माणसं आम्हाला म्हणायची. त्याबद्दलच आज लिहायचं आहे, कारण मला वाटतं की त्या वाक्याची दिशा बदलली तेव्हा आपल्या घरांतून एक कामाची गोष्ट निघून गेली.

मी साताऱ्यात वाढले. अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे. तो खिडकीतून दिसायचा, तरीही आमच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या आणि अब्बांना कौलांवर चढून अँटेना फिरवावा लागायचा. खालून आम्ही ओरडायचो, ‘आया, आया... गया!’ ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते शेजारी आमच्याकडे यायचे. आमचा बिघडला की आम्ही शेजारच्या काकूंकडे जायचो. एका खोलीत पंधरा-वीस माणसं असायची. पुढे जमिनीवर पोरं, मागे खाटेवर म्हातारी माणसं आणि दाराशी ओल्या हाताने उभ्या आया.

आता त्या काळचे ‘मुलांचे’ कार्यक्रम आठवून बघा. तुम्ही बघितले नसतील तर घरात मोठ्यांना विचारा. किती विचित्र होते ते! ‘विक्रम और बेताल’ हा रामानंद सागरांचा १९८५ चा कार्यक्रम. एक राजा रात्री स्मशानातून प्रेत खांद्यावर टाकून चाललाय आणि प्रेत त्याला गोष्टी सांगतंय. आणि वेताळाच्या गोष्टी कसल्या? एका बाईने चुकून नवऱ्याचं मुंडकं दुसऱ्याच्या धडाला लावलं, तर आता तिचा नवरा कोण, डोकं की धड? याच गोष्टीच्या धाग्यावरून गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’ हे मोठ्यांचं नाटक लिहिलं. पण वेताळ म्हटलं की तो मुलांचा, असं धरून आमच्या आयांनी आम्हाला दूध देऊन पुढ्यात बसवलेलं असायचं.

‘अलिफ लैला’ घ्या. नव्वदच्या दशकात ती लागली की आमचा अख्खा मोहल्ला गप्प व्हायचा. आम्हाला जिन, उडते गालिचे आणि सिंदबाद आवडायचे. पण ही सगळी गोष्ट सुरू कशी होते? एक बादशहा रोज नवीन लग्न करतो आणि सकाळी बायकोला मारतो. शहरजाद जीव वाचवण्यासाठी रोज रात्री गोष्ट अर्धी ठेवते. आम्हाला ते फक्त ‘पुढे काय होणार’ एवढंच वाटायचं. दाराशी उभ्या असलेल्या बायकांना त्यात काय दिसत असेल, याचा विचार मी लग्नानंतर केला.

रामदास पाध्यांचा अर्धवटराव बाहुला होता. बाहुला म्हणजे पोरांचा, असं आम्हाला वाटायचं. पण तो बायकोची, आवडाबाईची, खोड काढायचा, वयाला न शोभेलसं बोलायचा आणि मागे खाटेवर खसखस पिकायची. आम्ही तोंड उघडं टाकून मागे वळून बघायचो. ‘जंगल बुक’मध्ये शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा होता. आमच्या वर्गातल्या एका खान आडनावाच्या मुलाला सगळे शेरखान म्हणायला लागले. तो खूश होता, कारण वाघ व्हायला कुणाला नको असतं? त्याच्या अब्बांना मात्र त्यात काहीतरी खुपलं असावं. ते एकदा म्हणाले, ‘जंगलात एकच खान, आणि तोच वाईट?’ आणि स्वतःच मोठ्याने हसले. आम्ही पोरंही हसलो. ते का हसले हे न कळताच.

या सगळ्यात माझा सर्वांत लाडका कार्यक्रम ‘मुल्ला नसीरुद्दीन’. १९९० चा. दिग्दर्शन अमाल अल्लाना यांचं, म्हणजे पुण्यात जन्मलेले थोर नाट्यगुरू इब्राहिम अल्काझी यांच्या कन्येचं. मुल्ला झाले होते रघुवीर यादव, जे त्याआधी ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’मुळे घराघरांत पोहोचले होते. जोहरा सेहगलही त्यात होत्या. त्या वर्षी माझी नानी मिरजेहून आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यावर हिरवी पट्टी होती. ती टीव्ही बघायची नाही, ऐकायची. आम्ही मुल्लाची दाढी, गाढव आणि पागोटं बघून हसायचो. नानी फक्त शब्दांवर हसायची. म्हणून तिचं हसू आणि आमचं हसू कधीच एका वेळी यायचं नाही. मी विचारायचे, ‘नानी, तू कायकू हसी?’ ती म्हणायची, ‘बडी हुई की समजंगा.’

कार्यक्रम संपला की ती स्वतःच्या साठ्यातल्या मुल्लाच्या गोष्टी काढायची. त्यातली भांड्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मुल्ला शेजाऱ्याकडून मोठं भांडं उसनं आणतो. परत करताना त्यात एक लहान भांडं ठेवतो आणि सांगतो, ‘मुबारक हो, तुमचं भांडं व्यालं.’ शेजारी खुशीने दोन्ही ठेवून घेतो. पुढच्या वेळी मुल्ला भांडं नेतो आणि परत करतच नाही. शेजारी दारात येतो, तर मुल्ला तोंड पाडून म्हणतो, ‘अल्लाकी मर्जी, भांडं वारलं.’ ‘भांडं कसं मरेल?’ ‘व्यालं तेव्हा कुठं विचारलंत?’

आम्ही पोरं ‘भांडं व्यालं’ यावर लोळायचो. नानी शेवटच्या वाक्यावर हसायची आणि हसताना तिचा हात नकळत मोकळ्या मनगटावर जायचा. तिच्या बांगड्या सावकाराकडे गहाण गेल्या होत्या आणि कधी परत आल्या नाहीत, हे मला अम्मीने खूप वर्षांनी सांगितलं. मराठीत पैसे व्याले की त्याला आपण व्याज म्हणतो. नानीला मराठी मोडकीतोडकी यायची, पण हा हिशेब तिला पक्का ठाऊक होता. घराच्या कर्जाचा पहिला हप्ता भरला त्या दिवशी मला ती गोष्ट कळली. म्हणजे आठव्या वर्षी ऐकलेला विनोद तिसाव्या वर्षी उलगडला.

दुसरी गोष्ट काझीची. एक माणूस काझीकडे जाऊन विचारतो, ‘हुजूर, एका बैलाने दुसऱ्याच्या गाईला शिंग मारलं, गाय मेली, तर बैलाच्या मालकाने भरपाई द्यायची का?’ काझी म्हणतो, ‘मुक्या जनावराचा गुन्हा मालकावर कसा लादणार?’ माणूस म्हणतो, ‘बरं झालं. बैल माझा होता, गाय तुमची.’ काझी चष्मा सावरतो आणि म्हणतो, ‘थांब, थांब. जरा किताब बघावी लागेल.’ यावर अब्बा इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा. त्यांना कुठल्या कचेरीतला कुठला साहेब आठवायचा, ते त्यांनाच माहीत.

हा मुल्ला कुणी एकट्याचा नाही. तुर्कस्तानात अक्शेहिर गावी त्याची कबर दाखवतात. जुन्या वर्णनांत त्या कबरीच्या दाराला भलं मोठं कुलूप आहे आणि बाजूला भिंतीच नाहीत. म्हणजे गेल्यावरही माणूस थट्टा करतोय! २०२२ मध्ये युनेस्कोने त्याच्या गोष्टी सांगण्याची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, आणि त्यासाठी तुर्कस्तानपासून उझबेकिस्तानपर्यंत ७ देशांनी मिळून अर्ज केला होता. १९०६ मध्ये तिफ्लिस शहरात, म्हणजे आजच्या तिबिलिसीत, जलील मम्मदगुलुजादे यांनी ‘मोल्ला नसरुद्दीन’ नावाचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं. झार, जमीनदार, लाचखाऊ अंमलदार, धर्माच्या नावाने दुकान मांडणारे, मुलींना शाळेत न पाठवणारे बाप, या सगळ्यांची त्यात टर असायची. लक्षात घ्या, ते काढणारे, वाचणारे आणि ज्यांची टर उडवली जायची त्यांतले बरेचसे मुसलमानच होते. आपल्यावर हसणं आपण बाहेरून आणलेलं नाही. ते आपल्याच घरातलं जुनं भांडं आहे.

आणि साताऱ्या-सांगलीच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हा मुलूख तमाशाचा. सांगलीजवळचं कवलापूर हे काळू-बाळूंचं गाव. ती जुळ्या भावांची जोडी, त्यांचा ‘जहरी प्याला’ हा वग बघायला माणसं बैलगाड्या जुंपून जायची. गवळणीत मिशा लपवून मावशी येते, सोंगाड्या एक बोलतो आणि त्याचा अर्थ दोन निघतात. पुढे बसलेली पोरं एका अर्थाला हसतात आणि मागे उभे असलेले बाप दुसऱ्या. सरपंच, पाटील, फौजदार कुणी सुटत नाही. पेशवाईतले नामांकित शाहीर सगनभाऊ जन्माने मुसलमान होते आणि त्यांच्या लावण्या अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या. तेव्हा दुहेरी अर्थाने बोलायची ही कला आम्ही मुल्लाकडून शिकलो की गावच्या जत्रेतून, याची वाटणी करायची गरज नाही. आमच्या नानींना दोन्हीकडचं कळत होतं.

या छुप्या विनोदाचं काम काय होतं, असं मला कुणी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगेन.

पहिली अशी की, त्यामुळे लहान आणि मोठे एका खोलीत बसू शकत होते. नुसता पोरांचा कार्यक्रम असता तर मोठे उठून गेले असते. नुसता मोठ्यांचा असता तर आम्हाला झोपायला पाठवलं असतं. कार्यक्रमात मोठ्यांसाठी एक जागा राखून ठेवलेली होती. म्हणून ते बसले, आणि ते बसले म्हणून आम्हाला त्यांचं हसू बघायला मिळालं. आपले अब्बा कशाला हसतात, अम्मी कशाला हसत नाही, नानी हसता हसता एकदम गप्प का होते, हे बघत बघत आम्ही त्यांना ओळखलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वाक्याच्या आत आणखी एक वाक्य असतं, ही सवय आम्हाला त्यामुळे लागली. दिसतंय ते आणि म्हणायचंय ते यांत फरक असू शकतो. मागचे लोक हसले म्हणजे इथे काहीतरी आहे जे मला दिसलेलं नाही, एवढं तरी कळायचं. आज रोज दहा फॉरवर्ड येतात. हे कुणी लिहिलंय, कुणाच्या फायद्याचं आहे, यात कुणाला चिडवायचंय, असं वाचता वाचता विचारणारं डोकं शाळेच्या पुस्तकातून तयार होत नाही. ज्याला लहानपणापासून विनोदातला दुसरा मजला शोधायची सवय आहे, त्याला अफवेतला दुसरा मजलाही लवकर दिसतो.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही म्हाताऱ्या झालात, तुम्हाला आपल्या काळचं सगळं सोनं वाटतंय. नाही, सगळं सोनं नव्हतं. हेही तुम्हाला सांगितलं पाहिजे.

मराठी मुलांच्या मालिकांत माझ्यासारखं घर नव्हतं. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ मला फार आवडायचा, राजदत्तांनी ती मालिका जीव ओतून केली होती. ‘फास्टर फेणे’ बघून आम्ही सायकलीवरून उड्या मारल्या आणि गुडघे फोडून घेतले. पण त्या वाड्यांत, त्या ओसऱ्यांवर, माझ्या अम्मीसारखं दखनी बोलणारं आणि दाराबाहेर पाऊल टाकताच साताऱ्याचं रांगडं मराठी बोलणारं कुणी नव्हतं. मुसलमान दिसायचा तो हिंदीत, आणि तो एक तर नवाब असायचा, नाही तर कव्वाल, नाही तर ‘बेटा’ म्हणणारा, कथेच्या मध्यावर मरणारा नेक चाचा. एसटीत कंडक्टर असलेला, मुलीच्या गणिताच्या मार्कांवरून चिडणारा मुसलमान बाप मी पडद्यावर पाहिला नाही. तो घरी होता.

त्या विनोदातला बराचसा विनोद निर्दयही होता. जाड माणूस, तोतरा माणूस, काळी मुलगी, खाष्ट बायको यांच्यावर हसणं सोपं होतं आणि आम्ही हसलो. मुल्लाच्या गोष्टींतही बायको नेहमी कजाग असते. नानी त्या गोष्टी सांगताना बायकोचा भाग गाळायची, किंवा शेवटी बायकोला जिंकवायची. तिची ही दुरुस्ती मी जपून ठेवली आहे आणि पुढे सांगतानाही तशीच सांगते.

शिवाय एकच वाहिनी होती आणि ती सरकारची होती. आम्ही सगळे एकत्र बसायचो त्याचं एक कारण एवढंच की दुसरं काही नव्हतं. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. शाळकरी पोरांसाठी मराठीत कार्यक्रम करणारी ती संस्था होती. कधी रटाळ, कधी गमतीशीर, पण ती आपल्या भाषेत आपल्या पोरांशी बोलत होती. २०१७ मध्ये ती बंद झाली. आज तिच्या नावाने हळहळणाऱ्या आमच्या पिढीतल्या किती जणांनी तेव्हा ब्र काढला? मी तरी काढला नाही. तेव्हा मला माझ्या पिढीच्या गळे काढण्यावर फारसा भरवसा नाही. जुना टीव्ही परत आणा, असं मी म्हणत नाही. तो येणार नाही आणि येऊही नये.

मी म्हणतेय ते एवढंच की आपल्याच माणसांनी, आपल्याच घरात, आपल्यावर हसायची सोय परत व्हायला पाहिजे. आणि इथेच माझ्या बहिणीची भीती आडवी येते. ती भीती खोटी नाही.

२०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरून रस्त्यावर दगडफेक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव चालून आला. मशिदीवर हल्ला झाला, घरं-दुकानं जळाली, एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्याचं इंटरनेट बंद होतं. त्या दिवसांत प्रत्येक मुसलमान आईने आपल्या पोराचा फोन हातात घेऊन बघितला. माझ्या बहिणीनेही बघितला. तेव्हापासून तिला मोबाइलमधला कुठलाही विनोद काडीपेटीसारखा दिसतो. तिला कुठल्या तोंडाने चूक म्हणू?

पण भीती एकाच बाजूची नाही, हेही आपल्या आपल्यात बोललं पाहिजे. भाच्याचा तो व्हिडिओ बाहेरच्या कुणी उचलून वाईट शब्द जोडून फिरवला असता, ही एक भीती. आणि मोहल्ल्यातल्या कुणी ‘दीनची मजाक उडवतो’ म्हणून त्याच्या अब्बांना कमिटीपुढे बोलावलं असतं, ही दुसरी. खरं सांगायचं तर पंख्यावरचं नाव म्हणजे दीन नाही. नाव न सांगता दिलेल्या सदक्याची थोरवी आपल्याला मदरशात शिकवली होती. पोराने नेमकी तीच शिकवण हसवून सांगितली होती. कमिटीवर हसलं की दीनवर हसल्यासारखं होतं, हे आपल्याला कुणी पढवलं? काझीच्या गाईची गोष्ट सांगणारे आपलेच आजे-पणजे होते आणि त्यांची पाच वक्ताची नमाज चुकत नव्हती.

आपण हसणं बंद केलं म्हणून आपल्यावरचं हसणं बंद झालं, असं काही झालेलं नाही. टोपी-दाढीवाल्याचं सोंग करून टिंगल करणारे व्हिडिओ आपल्या पोरांच्या फोनमध्ये रोज येतात. पोरं ते बघतात. काही वेळा हसतातही, आणि मग स्वतःची लाज वाटून गप्प होतात. त्या दिवशी कोपऱ्यात बसून भाचा कशाला हसला, हे मी नंतर त्याला विचारलं. तसलाच एक व्हिडिओ होता. म्हणजे त्याने स्वतः केलेला, प्रेमाने केलेला विनोद आम्ही पुसायला लावला आणि दुसऱ्याने द्वेषाने केलेला विनोद त्याच्याकडे शिल्लक राहिला. हे मला फार लागलं. त्या रात्री झोप आली नाही.

दोन्ही विनोदांत फरक कसा करायचा? मुल्लाकडे त्याचं साधं माप आहे. तो एक तर आपल्याहून वरच्या माणसावर हसतो, बादशहावर, काझीवर, सावकारावर. नाही तर स्वतःवर. खाली असलेल्यावर, अडलेल्यावर तो हसत नाही. तुमच्या हातातला व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एवढंच बघा की हसू कुणाच्या अंगावर पडतंय. आपल्या लोकांनी दुसऱ्यांवर केलेल्या विनोदालाही हेच माप लावा. ते आपल्यालाही सुटणार नाही.

मग करायचं काय? मोठं काही नाही. रील टाकायलाच पाहिजे असं नाही. जगासमोर हसण्याआधी घरात हसायला हरकत नाही. शब-ए-बारातला, रमजानच्या सुट्टीत, चाळीस माणसं जमतात तेव्हा फोन एका टोपलीत ठेवा आणि म्हाताऱ्यांना मुल्लाच्या गोष्टी सांगायला लावा. त्यांना येतात. तुम्ही विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. त्या मराठीत लिहून काढा, साताऱ्याच्या मराठीत, मिरजेच्या मराठीत. आमच्या आजोळच्या मुल्लाचं गाढव मिरज जंक्शनवर बसून तिकीट मागू दे. मुल्ला तलाठ्याकडे सात-बारा काढायला जाऊ दे, बघू तो कधी परत येतो. बायकोला त्यात नानीसारखं जिंकवा. गल्लीतल्या हिंदू मित्रांनाही ऐकवा, त्यांच्याकडे बिरबल आहे, तेनाली रामा आहे, गावचा सोंगाड्या आहे. एकमेकांच्या विनोदावर हसलेली माणसं दुसऱ्या दिवशी एकमेकांवर दगड उचलणारच नाहीत, अशी हमी मी देत नाही. पण उचलायच्या आधी त्यांना समोरचा चेहरा तरी ओळखीचा वाटेल.

आणि जे आई-बाप हे वाचत असतील त्यांना एकच विनंती. पोरगं एकटंच हसलं तर ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘कशाला हसलास?’ ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणाला तरी बसून राहा. आम्हीसुद्धा नानीजवळ तशाच बसायचो.

ईदच्या तिसऱ्या दिवशी, निघायच्या आदल्या रात्री, मी भाच्याची माफी मागितली आणि त्याला म्हटलं, तो पंखा पुन्हा कर, फोनशिवाय. तो आधी लाजला. मग जेवणं झाल्यावर दस्तरखान आवरून त्याने मधल्या खोलीत सुरू केलं. या वेळी त्यात एक चौथं माणूस आलं होतं : एक खाला, जी प्रत्येक गोष्टीला ‘अम्मी बोलती है तो कर डाल, बेटा’ म्हणते. बहीण ओढणी तोंडात कोंबून हसली. तिचे सासरे, जे स्वतः कमिटीत आहेत, तेही हसले, पण वेगळ्याच जागी, आणि मग म्हणाले, ‘आपल्या मशिदीत तर ट्यूबलाइटवर पण नाव आहे.’ माझी सहा वर्षांची भाची सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिने मला विचारलं, ‘दादा कायकू हसे?’

मी तिला जवळ घेतलं आणि पंख्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले.